मानाई, खिंड, जोगाई

शिराळा,
१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

चि. क्रांती हिस,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे फाडायला घेतलं असशील, तर आधी मागचं पान बघ. पुढच्या पानावर तुझा बाप आहे, मागच्या पानावर नकाशा आहे. नकाशाशी तुझं काही वाकडं नाही.

फोन करत नाही, कारण माझा नंबर तू बंद करून ठेवलायस. एकदा दुकानातल्या फोनवरून केला, तर नुसतं माझं 'हॅलो' ऐकून ठेवलास. बरंच केलंस म्हणा. फोनवर आपलं दुसऱ्या मिनिटाला जुंपतं. कागदावर निदान मला मध्येच कुणी तोडत नाही.

कामाचं बोलतो. मला तुझा एक दिवस पाहिजे. सकाळपासून दुपारी चारपर्यंत, जास्त नाही. कराडच्या पश्चिमेला मानाई आणि जोगाई हे दोन डोंगर शेजारी शेजारी आहेत, मध्ये खिंड. तुला साताऱ्याहून कराड, मला शिराळ्याहून कराड, म्हणजे कुणी कुणाच्या दारात जायचा प्रश्न येत नाही. पुढे टाकेवाडीपर्यंत एसटी जाते. तिथून पूर्वेच्या सोंडेनं चढून मानाईचा माथा, मग खिंडीत उतरून भाकरी, मग जोगाईचा माथा आणि दक्षिणेकडून खाली. चाल अकरा किलोमीटर, चढ सगळा मिळून सहाशे मीटर. फार अवघड नाही, पण सहल म्हणण्याइतकं सोपंही नाही. वेळा, अंतरं, थांबे सगळं मागे लिहिलं आहे.

आता म्हणशील, अडुसष्टाव्या वर्षी म्हाताऱ्याला हे काय खूळ. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. डॉक्टरांनी गुडघा जपायला सांगितलाय. खरं कारण हे की तुझी आई गेल्याला सव्वादोन वर्षं झाली, तू या घरातून गेल्यालाही तेवढीच झाली, आणि मला तुझ्याबरोबर एकदा चालायचं आहे. समोरासमोर बसून बोलणं आपल्याला कधीच जमलं नाही.

आईच्या तेराव्याला रेशनकार्ड शोधताना तुला माझं आवक रजिस्टर सापडलं, आणि त्यात तुझ्या हिमालयातल्या कोर्सचं निवडपत्र आल्याची ती ओळ, तो विषय मी वाटेत काढणार नाही. पत्र उशिरा पोचलं आणि रजिस्टरात तारीख चुकीची पडली, हे मी तेव्हा सांगितलं होतं, त्यात बदल नाही. लग्नाचा विषय तर काढणारच नाही, हा लेखी शब्द समज.

तारीख तू ठरव. थंडी आहे तोवर कुठलाही रविवार चालेल.

लालासाहेब


शिराळा,
३० नोव्हेंबर २०२५

चि. क्रांती,

तुझं पाकीट मंगळवारी आलं. हाताला जाड लागलं म्हणून खुशीत उघडलं, तर आत माझाच कागद. वर नाव नाही, खाली सही नाही, मध्ये नुसती लाल शाई. नववीच्या पोरांचे भूगोलाचे पेपर तपासता तपासता बापाचाही तपासून टाकलास.

सुभेदार म्हणून निवृत्त झालो, त्याआधी सहा वर्षं जवानांना नकाशा वाचायला शिकवला. माझ्या कागदावर कर्नलसाहेबांनीसुद्धा कधी पेन चालवलं नव्हतं. तुझ्या आत्याला दाखवला, तर मनुबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. "दादा, निम्मा कागूद तांबडा झालाय की!" म्हणाली. मी म्हटलं, हस, भाची तुझीच आहे.

तुझ्या दुरुस्त्या मुद्द्यानं घेतो. टाकेवाडीची सकाळची एसटी बंद होऊन दोन वर्षं झाली म्हणतेस. मान्य, कराडच्या स्टँडवर चौकशी केली, जीपनं जावं लागेल. माणशी तीन लिटर पाणी खालूनच न्यायचं, कारण मानाईवरच्या टाक्यात डिसेंबरनंतर पाणी राहत नाही. हेही मान्य. पूर्वेच्या सोंडेवर तू एवढी मोठी फुली मारलीस की कागद फाटलाय, आणि शेजारी लिहिलंस, 'एकवीसच्या पावसात ही वाट खचली. देवळामागून चढायचं.' बरं, देवळामागून.

विश्रांतीचं मात्र पटत नाही. पन्नास मिनिटं चाल आणि दहा मिनिटं थांबा, हे मी आयुष्यभर पाळलं. तू ते खोडून पंचवीस मिनिटांवर आणलंस. स्वतःसाठी आणलं असशील तर हरकत नाही. माझ्यासाठी असेल तर ऐकून ठेव, या महिन्यात रोज सकाळी मी मोरणेच्या धरणापर्यंत जाऊन येतो, आणि वाटेत फक्त एकदा बसतो. बसतो तेसुद्धा ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांना वाट द्यायला.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. माझा नकाशा जुना आहे, त्यात टाकं दाखवलंय. पण टाकं कोणत्या महिन्यात कोरडं पडतं, हे कुठल्याच नकाशात नसतं. देवळामागची वाट तर नव्या नकाशातही नाही, मी शाळेत जाऊन मास्तरांच्या मोबाइलवर बघून आलो. मग तुला कसं ठाऊक?

लालासाहेब


शिराळा,
९ डिसेंबर २०२५

क्रांती,

तू उत्तर दिलं नाहीस म्हणून मनुबाईला विचारलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "आवं दादा, तुमी सोडून समद्यास्नी ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"क्रांती दर थंडीला डोंगरावर जाती. कालेजात हुती तवापास्नं. वैनी दशम्या बांधून द्यायच्या. बूट माझ्याकडं असायचं, कणगीच्या मागं."

मी ताटावरून उठलो. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बोललो, कारण चहा तीच करते. तुलाही एक पत्र लिहिलं होतं, ते या पाकिटात नाही. त्यात 'फसवणूक' हा शब्द पाच वेळा आला होता. पाचव्यांदा लिहिताना माझं मलाच हसू आलं, आणि मग पेन खाली ठेवलं.

इतकी वर्षं मी काय समजत होतो ते सांगतो. मी समजत होतो की मी तुला डोंगरापासून अडवलं. वाईट मार्गानं अडवलं असेल, पण पोरगी धडधाकट आहे, शाळेत शिकवते, रोज जमिनीवर चालते, एवढ्यावर मी स्वतःला समजावत आलो. अडवलं कुणाला? तू जातच होतीस. बाहेर राहिलो तो मी. पहिला माथा कुठला चढलीस, कधी वाट चुकलीस का, वर गेल्यावर तुला काय वाटतं, यातलं काही म्हणजे काही मला ठाऊक नाही. सोमवारी जेवायला बसायचीस तेव्हा उन्हानं तुझं नाक सोललेलं असायचं. मी म्हणायचो, टोपी घालत जा. पण गेली कुठे होतीस, हे विचारलं नाही. आई म्हणायची कॉलेजची ट्रिप, आणि मी पेपरात डोकं घालायचो.

मनुबाईला शेवटी विचारलं, चंद्रानं, तुझ्या आईनं, मला का सांगितलं नाही? ती म्हणाली, "वैनी लय भ्यायच्या तुमास्नी." सदतीस वर्षांचा संसार. मी कधी तिच्यावर हात उचलला नाही, याचा मला मोठा अभिमान होता. ती घाबरायची, हे मला पाहुण्यासारखं कुणाकडून तरी कळावं, याचं फार वाईट वाटलं.

आता पहिल्या पत्रातली एक ओळ खोडतो. माझ्या रजिस्टरात तारीख चुकत नाही. ९ एप्रिल २०१२ म्हणजे ९ एप्रिल २०१२. पत्र वेळेत आलं होतं, कोर्स मे महिन्यात होता. मी ते ट्रंकेत ठेवून दिलं. नोंद मात्र केली, कारण आलेल्या टपालाची नोंद न करणं मला जमेना. पत्र दाबून ठेवायचं आणि आवक क्रमांकही टाकायचा, असला चोर तुला दुसरा बघायला मिळायचा नाही.

योजनेचा कागद पुन्हा जोडला आहे. तुझ्या सगळ्या दुरुस्त्या घेतल्या आहेत. पंचवीस मिनिटांचीसुद्धा.

लालासाहेब


शिराळा,
२१ डिसेंबर २०२५

चि. क्रांती,

कागद मिळाला. या वेळी वेळांना हात लावलेला नाहीस, फक्त खाली एक शब्द लिहिलास. 'का?'

याचं उत्तर मी आजपर्यंत कुणाला दिलेलं नाही, तुझ्या आईलाही नाही. सावकाश लिहितो.

१९९६ चा सप्टेंबर. आमची चौकी बर्फात होती, खालच्या तळापासून चार दिवसांच्या वाटेवर. माझ्या टोळीत अर्जुना म्हणून एक पोरगा होता, कवठे महांकाळच्या पलीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. वय बावीस. चालायला असा की आम्ही बसलो तरी तो उभाच. त्या दिवशी आम्ही पाचजण एका दोरावर होतो. पुढे मी, तो तिसरा. ताज्या बर्फाखाली भेग होती, ती मला दिसली नाही. माझ्या पायाखाली बर्फ टिकलं, दुसऱ्याच्याही टिकलं, तिसऱ्याच्या नाही. अर्जुनानं पाठीवरचा पिठ्ठू सारखा करायला दोराची कडी काढली होती, दोन मिनिटांसाठी. मागे वळून बघितलं असतं तर मी ओरडलो असतो. पुढच्यानं वळून बघायचं असतं. मी नाही बघितलं.

त्याच्या कपड्यांची पेटी घरी पोचवायला मला पाठवलं. गावापासून दूर माळावर घर होतं, दारात त्याची आई बसली होती, तानुबाई. बातमी आधीच पोचलेली. मला वाटलं, आता ही रडेल, मला शिव्या देईल. तिनं विचारलं, "सकाळी जेवून निघाला हुता का?"

मी व्हय म्हणालो. मला ठाऊक नव्हतं, क्रांती. सकाळी मी माझ्याच गडबडीत होतो.

मग तिनं पेटी उघडली. घडी घातलेला एक एक कपडा उलगडला, झटकला आणि पुन्हा घडी घालून ठेवला. सगळे झाले की परत पहिल्यापासून. मी चार तास तिथे बसून होतो. मला कुणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही.

घरचं टपाल मीच फोडायचो, तुला माहीत आहे. तुझं ते पत्र फोडलं तेव्हा तू वीस वर्षांची होतीस. निवड झाली, अमुक तारखेला हजर व्हावं, असं वाचलं आणि मला ते दार दिसलं. दारात तानुबाई नव्हती, मी होतो. समोर कुणीतरी पेटी घेऊन उभं होतं. स्वतःच्या मरणाची भीती मला कधी वाटली नाही, नोकरीत नाही आणि आताही नाही. पण कुणीतरी येऊन सांगेल आणि मला ते ऐकून घ्यावं लागेल, याची वाटते. अजूनही वाटते, तू स्कूटरवरून शाळेत जातेस त्याचीसुद्धा.

हे कारण. झाकून काही ठेवलेलं नाही. ११ जानेवारी की १८, ते कळव.

लालासाहेब


शिराळा,
४ जानेवारी २०२६

चि. क्रांती,

कागदाच्या वर तू 'तात्या' लिहिलंस. सव्वादोन वर्षांनी. तेवढंच वाचलं, कागद देवापुढे ठेवला आणि रानात गेलो. रानात ऊसतोड चालली आहे, पंधरा माणसं. तिथे डोळे पुसायलाही आडोसा नाही, म्हणून परत आलो आणि पुढचं वाचलं.

तू लिहिलंस, 'अर्जुनाचं वाचून रडले. पण हे तुमच्या भीतीचं कारण झालं. माझं काय? मी रोज विचारत होते.'

खरं आहे, विचारायचीस. कॉलेजातून आलीस की सायकल भिंतीला लावायच्या आधी, "तात्या, टपाल आलं?" मी म्हणायचो, "नाही." एप्रिल गेला, मेचे पंधरा दिवस गेले. शेवटी एका संध्याकाळी तू पायरीवर बसलीस आणि म्हणालीस, "माझ्यातच कायतरी कमी असंल." मी समोरच खुर्चीत होतो. उठून आत गेलो असतो आणि पत्र आणून तुझ्या हातात दिलं असतं, तर कोर्स गेला होता तरी तुला एवढं तरी कळलं असतं की तू कमी नव्हतीस. मी काय केलं? तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "पुढच्या टायमाला बघू." तू स्वतःला कमी समजलीस आणि मी तुला तसं समजू दिलं. पत्र दाबण्यापेक्षा हे वाईट केलं. हे मी रजिस्टरात कुठे लिहिलं नव्हतं, म्हणून तुला सापडलं नाही. आज लिहून देतो.

मी चुकलो, क्रांती. भीतीपोटी चुकलो असं म्हणणार नाही, भीती तुझ्या आईलाही होती, तरी तिनं दशम्या बांधून दिल्या. मी चुकलो. मला माफ कर. माफ करणं जमलं नाही तरी मानाईला ये.

आता योजना. १८ जानेवारी, रविवार. कराडचा स्टँड, साडेसहा. जीप तू ठरवली आहेस. साडेसातला टाकेवाडीतून चढायला सुरुवात, देवळामागून. दहाला मानाईचा माथा, अकराला खिंड, बाराला जोगाई, तीनपर्यंत खाली. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मनुबाई देणार आहे, मी नको म्हटलं तर माझ्यावरच खेकसली.

तुझी पहिली अट मान्य आहे, पुढे तू आणि मागे मी. दुसरी अट वाचली, 'खिंडीत तात्यांच्या गुडघ्याची तपासणी. पुढचा निर्णय पुढच्याचा.' पटली नाही, पण सही केली आहे.

तात्या


शिराळा,
२० जानेवारी २०२६

चि. क्रांती,

परवाचा दिवस तुला मी काय सांगणार, तू बरोबर होतीस. बरोबर होतीस म्हणजे पुढे होतीस. मानाईच्या चढावर दर पंचवीस मिनिटांनी थांबायचीस आणि मी दमलो नाही असं दाखवायला दुसरीकडे बघत उभी राहायचीस. मला सगळं कळत होतं. तुझं पाऊल कसं पडतं ते मी पहिल्यांदाच बघितलं. आधी जागा बघतेस, मग वजन टाकतेस, आणि अवघड जागा आली की न बोलता वळून मागे बघतेस. हे तुला कुणी शिकवलं? मी नाही शिकवलं.

पण खिंडीतलं तुला लिहायलाच पाहिजे, कारण तेव्हा तू तिथे नव्हतीस.

मानाई उतरताना गुडघा गेला, हे मी कबूल करायच्या आधी तू ओळखलंस. खिंडीत मला दगडावर बसवलंस, विजार वर करून गुडघा दाबून बघितलास. भोपळ्यासारखा सुजला होता. मग जोगाईकडे बघितलंस आणि म्हणालीस, "तात्या, इथनं टाकेवाडीला सोपी वाट हाय. दोघं सावकाश उतरू. न्हाईतर मी वर जाऊन येते, तासाभरात. तुमी सांगा."

निर्णय पुढच्यानं घ्यायचा असं कागदावर ठरलं होतं, सह्या झाल्या होत्या. तू तो माझ्यावर टाकलास. मुद्दाम टाकलास, हे मला त्याच वेळी कळलं. दोघं उतरू असं म्हणालो असतो तर तू एक शब्द न बोलता माझ्याबरोबर उतरली असतीस, आणि पुन्हा कधी आली नसतीस.

मी म्हणालो, "जा."

मग परत म्हणालो, मोठ्यानं. तू पाण्याची बाटली घेतलीस आणि निघालीस. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. गवताच्या उतारावर तू बराच वेळ दिसत होतीस. मग काळ्या कातळाला वळसा घालून पलीकडे गेलीस आणि दिसेनाशी झालीस.

तिथून पुढचं ऐक. मी एकदा उठलो, गुडघ्यानं खाली बसवलं. पुन्हा उठलो. शिट्टी खिशात होती, ओठांपर्यंत नेली. तुला ऐकू गेली असती तर तू थांबली असतीस, धावत खालीही आली असतीस. म्हणून परत खिशात ठेवली, आणि हात मांडीखाली दाबून बसलो. वारा सुटला की मला दगड घसरल्याचा आवाज यायचा. दगड कुठलाही घसरत नव्हता. तुला खोटं सांगत नाही, त्या वेळात मी दहा वेळा तुला पडताना बघितलं. दहा वेळा कुणीतरी मला येऊन सांगितलं, आणि दहा वेळा मी ते ऐकून घेतलं.

मग एक बाई शेळ्या घेऊन खिंडीत आली. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी थोरलीच असेल. मला बघून थांबली. मी वर बघत होतो, म्हणून तिनंही वर बघितलं.

"कोण हाय वर?"

"लेक हाय माझी."

"एकलीच?"

"व्हय."

"आन् तुमी सोडलीसा?"

"मीच पाठवली," मी म्हणालो.

"मग सारखं वर काय बघताय? बसा की निवांत," म्हणाली आणि शेळ्या हाकत गेली.

बाई गेल्यावर मी खरंच जरा निवांत बसलो. 'मीच पाठवली' हे शंभर टक्के खरं नव्हतं, तू तुझ्या पायांनी गेलीस. पण हे वाक्य म्हणायला मला इतकं बरं वाटेल, याची कल्पना नव्हती. बाई आणखी थांबली असती तर पुन्हा एकदा म्हणून दाखवलं असतं.

बारा वाजून पंचवीस मिनिटांनी तू कातळाच्या अलीकडे आलीस. मी घाईघाईनं चटणीची पुडी उघडून बसलो. तू आलीस, मी म्हटलं, "पाणी पी." तू प्यालीस. दोघं जेवलो. मग सोप्या वाटेनं सावकाश टाकेवाडीला उतरलो.

जीपमध्ये बसल्यावर तू पिशवीतून तो फॉर्म काढलास. मे महिन्यात तू हिमालयात निघाली आहेस, वीस दिवस, बर्फातल्या एका माथ्यावर. सगळा फॉर्म भरला होता, एकच रकाना रिकामा होता, 'काही अपघात झाल्यास कळवायच्या व्यक्तीचं नाव'. तू खिडकीकडे बघत म्हणालीस, "आईचं नाव टाकायची. आता कुणाचं टाकू कळंना."

मी तुझ्या हातातून फॉर्म घेतला, घडी घातली आणि खिशात ठेवला. तुझा चेहरा उतरलेला मला दिसला. तुझा कागद माझ्या खिशात गेला की त्याचं काय होतं, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण धावत्या जीपमध्ये अक्षर नीट येत नाही, आणि हे मला नीट लिहायचं होतं.

लिहिलं आहे. नाव माझं, नातं वडील, पत्ता शिराळ्याचा. फोन नंबर आधी दोन लिहिले होते, दुसरा मनुबाईचा. म्हटलं, तिनं आधी ऐकावं आणि मग मला सावकाश सांगावं. नंतर तो खोडला, खाडाखोडीवर सही केली आहे, फॉर्म चालेल. कळवायचं असेल ते मलाच कळवायचं, तसं त्यांना सांग. फोन जवळ ठेवीन. कुठल्याही वेळी येऊ दे, मी उचलीन.

तू जा.

तात्या